आतड्याचे अस्तर : वाढण्याचा निरोप आणि थांबण्याचा निरोप

(वर्षावास व्याख्यानमालेत विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 वर्षावासात आपण धम्मग्रंथाचे वाचन करतो, शीलावर चिंतन करतो. अशा ठिकाणी आतड्याविषयी काय बोलायचे, असे काहींना वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका पाहून एक-दोघे माझ्याकडे हसलेही. पण या विषयाला धम्मात जागा नाही, असे मात्र नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडला होता. जुलाबांनी तो इतका गळून गेला होता की स्वतःच्या मलमूत्रातच पडून होता. तथागत आनंदासह निवासांची पाहणी करीत तेथे आले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतर माझ्याकडे पाहत नाहीत, असे त्या भिक्खूने सांगितले. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास पाठविले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजविले. मग संघ जमवून त्यांनी सांगितले, की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

या प्रसंगातल्या दोन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तथागतांनी घाणीकडे पाहून तोंड फिरविले नाही. आणि हा आजार कोणत्या पापाचे फळ आहे असे त्या भिक्खूला विचारले नाही. पोटाच्या आजारात आजही आपण याच दोन चुका करतो. त्यांची किंमत किती मोठी असते हे मी पुढे सांगणार आहे. पण आधी आतड्याच्या आत काय चालते ते समजून घेऊ.

आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर. लहान आतडे आतून गुळगुळीत नसते. मखमलीवर लव असावी तसे त्यावर बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. या रचनेमुळे अन्नरस शोषून घेण्यासाठी मोठे क्षेत्रफळ मिळते. पूर्वीची पुस्तके सांगत, की आतडे पसरले तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर भरले. म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांएवढे. हेही काही थोडे नाही.

या सर्व पृष्ठभागावर पेशींचे जे अस्तर असते त्याची जाडी किती? फक्त एका पेशीची. एका बाजूला अन्न, पाचक रस आणि अब्जावधी जंतू. दुसऱ्या बाजूला आपले रक्त. मध्ये पेशींचा हा एकच थर. एवढ्या नाजूक भिंतीवर रोज एवढा मारा झाला तर ती टिकावी कशी? निसर्गाने यावर योजलेला उपाय असा, की भिंत टिकवण्याच्या मागे न लागता ती सतत नवी बांधायची. एक-दोन प्रकारच्या पेशी सोडल्या तर हे संपूर्ण अस्तर चार ते पाच दिवसांत बदलते. मागच्या रविवारी आपण येथे जमलो होतो तेव्हा आपल्या आतड्यात ज्या पेशी होत्या त्यांपैकी बहुतेक आज नाहीत.

ही नवी भिंत बांधतो कोण? दोन रसांकुरांच्या मध्ये खाली खोल खळगे असतात. मोठ्या आतड्यात रसांकुर नसतात, तेथे नुसते खळगेच असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी काही मूळ पेशी असतात. त्या विभागून नव्या पेशी तयार करतात. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात. सरकता सरकता कोणी अन्नरस शोषणारी होते, कोणी चिकट द्रव तयार करणारी होते. टोकाला पोहोचली की ती गळून पडते. अशा मूळ पेशी असाव्यात असा अंदाज १९७४ मध्ये कॅनडातील चेंग आणि लेब्लाँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बांधला होता. पण त्या नेमक्या ओळखण्याची खूण २००७ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाला सापडली. उंदराच्या एका खळग्यात अशा साधारण १५ पेशी असतात. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच मूळ पेशी घेऊन काचेच्या ताटलीत वाढविली, तर तिच्यापासून खळगे असलेले छोटेसे आतडेच तयार झाले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक प्रश्न पडला पाहिजे. मूळ पेशीला विभागायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा हे कोण सांगते? तिला मेंदू नाही. तिच्यावर मुकादम नाही. तिला कळते ते शेजारच्या पेशींनी सोडलेल्या रासायनिक निरोपांतून. एक पेशी एक प्रथिन बाहेर सोडते, दुसरीच्या दारावर ते जाऊन बसते, दार आतल्या कोणाला तरी हलविते, तो पुढच्याला हलवितो आणि शेवटी पेशीच्या केंद्रकातले एखादे जनुक चालू होते किंवा बंद पडते. निरोपाच्या या वाटेलाच शास्त्रज्ञ संकेतमार्ग म्हणतात. आतड्यात असे अनेक मार्ग आहेत. त्यांतल्या सर्वांत महत्त्वाच्या मार्गाचे नाव आहे विंट.

या नावात आपल्या देशाचा वाटा आहे. १९७३ मध्ये नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी फळमाशीच्या एका वेगळ्या वाणाची नोंद केली. त्यातल्या काही माश्यांना पंखच नव्हते. १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. त्या जनुकाला ‘विंगलेस’, म्हणजे पंखहीन, असे नाव पडले. पुढे १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना अमेरिकेत उंदराच्या स्तनातील गाठींत एक जनुक सापडले. त्याचे नाव त्यांनी ‘इंट-१’ ठेवले. १९८७ मध्ये लक्षात आले, की माशीचे ते जनुक आणि उंदराचे हे जनुक एकाच कुळातले आहे. दोन नावे जोडून ‘विंट’ हे नाव झाले. दिल्लीत माशीचे पंख पाहणाऱ्याला तेव्हा आपण माणसाच्या आतड्याच्या कर्करोगाची किल्ली हाताळतो आहोत याची कल्पना नव्हती. ‘याचा उपयोग काय’ असे मूलभूत संशोधनाबद्दल कोणी विचारले, तर हे उदाहरण जरूर सांगा.

आता विंटचा निरोप पेशीत काय करतो ते पाहू. चाळीतल्या पाण्याच्या टाकीची कल्पना करा. वरून नळ सतत चालू आहे, पण तळाचे बूच काढलेले आहे. त्यामुळे पाणी कधीच चढत नाही. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन असेच सतत तयार होत असते आणि सतत नष्ट होत असते. ते नष्ट करण्यासाठी चार-पाच प्रथिनांचा एक गट असतो. त्यातले एक प्रमुख प्रथिन म्हणजे एपीसी. हा गट म्हणजे आपल्या टाकीचे उघडे भोक. विंटचा निरोप दारावर आला की या गटाचे काम थांबते. भोकाला बूच लागते. मग बीटा-कॅटेनिन साचू लागते, केंद्रकात जाते आणि विभाजनाची जनुके चालू करते. निरोप थांबला की बूच निघते, पाणी ओसरते, विभाजन थांबते.

विंटचा निरोप खळग्याच्या तळाशी जोरात असतो आणि वर जाता जाता मंदावतो. वरच्या भागात त्याच्या उलट काम करणारा दुसरा निरोप असतो. त्याचे नाव बीएमपी. तो पेशींना सांगतो, आता वाढ पुरे, आपल्या कामाला लागा. खाली ‘वाढ’, वर ‘थांब’, आणि या दोहोंच्या मध्ये पेशीचे चार-पाच दिवसांचे आयुष्य. तळाचा निरोप पूर्ण बंद केला तर काय होते? १९९८ मध्ये क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदरात या मार्गाचा शेवटचा दुवा काढून टाकला. त्या पिल्लांच्या लहान आतड्यात विभागणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत आणि ती जन्मानंतर लवकरच मेली. म्हणजे हा निरोप शत्रू नाही. तो नसेल तर आपण आठवडाभरही तग धरणार नाही.

अस्तराला जखम झाली की हीच यंत्रणा अधिक वेगाने चालते. सर्वप्रथम, अवघ्या काही मिनिटांत ते काही तासांत, जखमेच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन पुढे सरकतात आणि उघडी जागा झाकतात. त्यात विभाजन नसते. पाऊस येताच आधी ताडपत्री ओढून घ्यावी, तसेच हे. त्यानंतर खळग्यांतून विभाजन वाढते. मूळ पेशीच मेल्या असतील तर? २०११ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात त्या मुद्दाम मारल्या गेल्या, तरीही अस्तर टिकले. दुसऱ्या पेशींनी त्यांची जागा घेतली. वरच्या वाटेला लागलेल्या पेशीही गरज पडली तर मागे फिरून पुन्हा मूळ पेशी होऊ शकतात. जखम भरली की हे सारे जादा निरोप बंद होतात आणि रोजचा क्रम सुरू होतो.

माता-भगिनींना याचा अनुभव घरात येतो. रोटाव्हायरसच्या जुलाबांत मुलाच्या रसांकुरांच्या टोकाच्या पेशी मरतात. पण खळग्यांच्या तळच्या पेशी शाबूत असतात. त्या काही दिवसांत अस्तर पुन्हा उभे करतात. प्रश्न एवढाच, की तोवर मूल जगले पाहिजे. त्याला मारते ती शरीरातले पाणी आणि क्षार निघून जाण्याची स्थिती. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजले. सलाइन संपत आले होते, दुसरा मार्ग नव्हता. मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. साखरेबरोबर सोडियम आणि सोडियमबरोबर पाणी अस्तरातून आत ओढले जाते, हे त्यामागचे शास्त्र. म्हणून मुलाला जुलाब होत असतील तर ओआरएस द्या, अंगावरचे दूध चालू ठेवा, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या द्या. अस्तर आपले काम करील. त्याला वेळ मिळवून देणे आपले काम.

पण ज्या वस्तीत पाणीच दूषित, तेथल्या मुलाच्या अस्तराला ही उसंत मिळत नाही. एक जखम भरते तोवर दुसरी होते. शेवटी रसांकुर आखूड होतात, खाल्लेले अंगी लागत नाही, मूल खुरटते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ज्या पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, तो माणुसकीचा हक्क होता. स्वच्छ पाण्याचा तोच हक्क आज प्रत्येक वस्तीतल्या मुलाच्या आतड्यापर्यंत पोहोचावयाचा आहे.

आता दुसरी बाजू. हाच वाढीचा निरोप थांबला नाही तर?

पुन्हा त्या टाकीकडे या. बूच लावणारा आणि काढणारा निरोप ठीक आहे, पण तळाचे भोकच कायमचे बुजले, तर पाणी चढतच राहील. एपीसी हे जनुक बिघडले की नेमके असेच होते. दारावर निरोप आलेला नसतो, जखम झालेली नसते, तरी पेशीला वाटते, वाढा असेच सांगितले आहे. १९९१ मध्ये अमेरिका आणि जपानमधील संशोधकांनी हे जनुक शोधले. मोठ्या आतड्याच्या दहापैकी सुमारे आठ कर्करोगांत ते बिघडलेले आढळते. काही कुटुंबांत हा बिघाड जन्मतःच येतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. अशा मुलांच्या मोठ्या आतड्यात किशोरवयापासून शेकडो लहान गाठी येऊ लागतात. त्यांना पॉलिप म्हणतात. शस्त्रक्रिया केली नाही, तर पुढे कर्करोग जवळजवळ ठरलेला.

बाकीच्या बहुसंख्य लोकांत हा बिघाड जन्मतः नसतो. तो एखाद्या खळग्यातल्या एखाद्या पेशीत आयुष्यात केव्हातरी होतो. त्यातून एक पॉलिप तयार होतो. बहुतेक पॉलिप कर्करोगापर्यंत जातच नाहीत, हे लक्षात ठेवा, उगाच घाबरू नका. पण काहींत पुढचे बिघाड होत जातात. दुसऱ्या एका मार्गावरचे रास नावाचे प्रथिन ‘चालू’ अवस्थेत अडकते. मग पी-५३ हा राखणदार निकामी होतो. बिघाडांची ही मालिका १९९० मध्ये एरिक फियरॉन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मांडली. पहिल्या बिघाडापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जातात.

१९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन रोगतज्ज्ञांनी एक विचार मांडला, की कर्करोगाची गाठ ही न भरणाऱ्या जखमेसारखी असते. जखम भरताना शरीर जे जे करते, तेच गाठ करते. फक्त थांबत नाही. म्हणूनच ज्यांच्या मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणि व्रण असतात, त्यांच्यात कर्करोगाचा धोका वाढतो. दुरुस्तीचे काम सतत चालू ठेवावे लागले, की चूक होण्याच्या संधीही वाढतात.

उपचार अवघड का असतात तेही यातून कळते. विंटचा निरोप औषधाने सरसकट बंद करावा म्हटले, तर निरोगी अस्तराचीही दुरुस्ती थांबते. केमोथेरपी घेणाऱ्यांना जुलाब होतात, तोंड येते, ते याच कारणाने; भराभर विभागणाऱ्या चांगल्या पेशीही त्या औषधात सापडतात. दुसरे उदाहरण घ्या. ईजीएफ हा आणखी एक वाढीचा निरोप. तो शोधणाऱ्या स्टॅनली कोहेन यांना १९८६ मध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे दार अडविणारे सेटुक्सिमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पण काही रुग्णांना त्याचा काहीच गुण येईना. २००८ च्या सुमारास कारण स्पष्ट झाले. दाराच्या आत असलेले रासच अडकलेले असेल, तर बाहेरून दार लावून काय उपयोग? अशा सुमारे ४० टक्के रुग्णांत केरास हे जनुक बदललेले असते. म्हणून हे महागडे औषध देण्यापूर्वी आता गाठीच्या जनुकांची तपासणी करतात. आपल्या ओळखीच्या कोणावर अशी वेळ आली, तर ही तपासणी झाली का, असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये.

बंधू-भगिनींनो, इथवर मी शिक्षक म्हणून बोललो. आता घरचा माणूस म्हणून बोलतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, यांना शौचातून रक्त जाऊ लागले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. वहिनींना कळले तेव्हा मूळव्याध असेल म्हणून कोणीतरी दिलेली पुडी सुरू झाली. पुढे एका डॉक्टरांनीही न तपासताच मूळव्याधीच्या गोळ्या लिहून दिल्या. तिखट बंद केले. चौदा महिने गेले. दादांचा चेहरा पांढरा पडत चालला होता; आम्ही म्हणत होतो, वय झाले. त्या चौदा महिन्यांत मी महाविद्यालयात पेशीविभाजन शिकवीत होतो. फळ्यावर खडूने पेशी काढीत होतो. दर रविवारी दादांकडे जेवायला जात होतो. एकदाही मी त्यांना विचारले नाही, दादा, पोटाचे कसे आहे? थोरल्या भावाला असे कसे विचारायचे, ही लाज. दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा गाठ यकृतापर्यंत गेली होती. २००९ मध्ये दादा गेले. दुखवट्याला आलेल्यांपैकी एक जण म्हणाले, एवढा सरळ माणूस, कोणत्या जन्मीचे भोगले कुणास ठाऊक.

ते वाक्य मला फार लागले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना सविस्तर चर्चा करून नाकारली आहे. गरिबाला आणि आजाऱ्याला त्याच्याच दुःखाचा गुन्हेगार ठरविणारी ती कल्पना आहे, आणि बौद्ध झालेल्या घरातही ती दुखवट्याच्या निमित्ताने मागल्या दाराने शिरते. दादांच्या आतड्यातल्या एका पेशीतले भोक बुजले होते. त्याला पाप-पुण्य नव्हते. त्याला कारणे होती, आणि त्याला अवधी होता. तो अवधी आम्ही लाजेत घालविला.

बुद्धांना पेशी ठाऊक होत्या, विंट ठाऊक होता, असे मी म्हणणार नाही. तसे ओढूनताणून म्हणणे धम्माचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही. पण प्रतीत्यसमुत्पादाने आपल्याला एक सवय लावली आहे. काही घडले तर ते कशामुळे घडले ते पाहा, आणि ते कारण दूर केले तर काय थांबेल तेही पाहा. ही सवय रोगाच्या बाबतीत वापरली तर प्राण वाचतात. १९९३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचे पॉलिप दुर्बिणीतून वेळीच काढून टाकले, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाले. कारण दूर झाले, कार्य थांबले.

तेव्हा काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

शौचातून रक्त जात असेल तर ते बहुतेक वेळा मूळव्याध किंवा भेगच असते, हे खरे. पण ते तपासून ठरवा, अंदाजाने नको. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, वजन विनाकारण घटले, पुरुषाला किंवा उतारवयातल्या स्त्रीला लोह कमी होऊन पंडुरोग झाला, तर आतड्याची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे पन्नाशीच्या आतले रुग्णही बरेच असतात, म्हणून वय कमी आहे एवढ्यावर थांबू नका. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर लक्षणे नसतानाही स्वतःची तपासणी करून घ्या. मी दादांच्या नंतर करून घेतली. माझ्यात दोन लहान पॉलिप निघाले. ते त्याच वेळी काढले. दादांनीच मला वाचविले, असे मी मानतो.

आपल्या देशात २०१६ मध्ये आखलेल्या सामूहिक तपासणीच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग घेतले गेले. मोठ्या आतड्याचा त्यात समावेश झाला नाही. म्हणून याबाबतीत कोणी घरी येऊन आपल्याला विचारणार नाही. आपणच विचारले पाहिजे. शौचातले न दिसणारे रक्त ओळखणारी साधी तपासणी असते, तिच्यापासूनही सुरुवात करता येते.

आणि शीलाचे म्हणाल तर पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही ती प्रतिज्ञा आहे. मद्य हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही एक सिद्ध कारण आहे. तंबाखूचा धूरही आहे. भाज्या, कडधान्ये, कोंड्यासकट धान्य, चालणे-फिरणे, यांनी धोका कमी होतो. हे सारे पाळूनही आजार होऊ शकतो. झाला, तर त्या माणसाला बोल लावू नका. त्याच्याजवळ बसा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या प्रयोगशाळेत जातील. आतड्याची पेशी अजून पुरती उलगडलेली नाही. जखम भरल्यावर ‘आता पुरे’ हा निरोप नेमका कसा पोहोचतो, याची अनेक उत्तरे अजून शोधावयाची आहेत. माशीच्या पंखापासून सुरुवात करणारा माणूस दिल्लीत होता. पुढचा आपल्या वस्तीतून का नसावा? शिका म्हणजे परीक्षा पास व्हा एवढाच बाबासाहेबांच्या सांगण्याचा अर्थ नव्हता. शिकलेले घरी घेऊन जा, असाही त्याचा अर्थ आहे. मी ते चौदा महिने नेले नाही.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ बसा आणि लाज बाजूला ठेवून विचारा, पोटाचे कसे आहे, रक्त वगैरे जाते का? ते रागावतील, हसतील, विषय बदलतील. तरी विचारा. तथागतांनी त्या भिक्खूला पहिला प्रश्न असाच विचारला होता.



नमो बुद्धाय! जयभीम!